एका हाताचा चाकू
शेंगदाण्याचं तेल कढईत जास्त तापून धुरायला लागलं, की मला त्या चाकूचं पातं आठवतं. कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात गेल्यावर वडील खिशातला चाकू दातांनी उघडायचे, आणि कुणी मदतीला पुढं झालं की पाठ फिरवायचे. मी तेव्हा नरडाण्याला कारखान्यात फिटर होते. बटण दाबलं की आपोआप उघडेल असा चाकू मी त्यांना करून देणारच, हे ठरवूनच बसले. जुन्या करवतीच्या तुकड्यातून कानशीने बोटभर पातं घासलं, लाल तापवलं, गावचा लोहार विळा बुडवतो तसं पाण्यात बुडवलं, आणि ते तडकलं. दुसरं घासण्यात चार रविवार गेले. ते मात्र तापवून शेंगदाण्याच्या तेलात बुडवलं; तेलात पोलाद सावकाश निवतं, तडकत नाही. घरभर जळका वास पसरला आणि आई वाया गेलेल्या तेलावरून दिवसभर बोलत राहिली. बाभळीच्या मुठीत स्प्रिंग बसवून मी चाकू वडिलांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याने बटण दाबलं, पातं खटकन बाहेर आलं. "उघडस तं मस्त," ते म्हणाले, "पन बंद कसा करू?" माझं तोंड उतरलं, मिटवायला दुसरा हात लागेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी चाकू परत मागितला, त्यांनी दिला नाही. "राहू दे. बंद मी करसू," म्हणत त्यांनी पात्याची पाठ खाटेच्या पायाला टेकवली आणि जोर लावून मिटवलं. आता वडील नाहीत. माझे दोन्ही हात धड आहेत, तरी तो चाकू मिटवायला मी खाटेपाशीच जाते.