उजव्या दाराचा खटका

भर रविवारी, चर्चसमोर, सेलेदोनियो ओवेलार आपल्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आला. आधी डोकं, मग खांदे, मग पोट, आणि पोट अडकलं. प्रार्थना नुकतीच सुटलेली, सगळं काआसापा गाव पायऱ्यांवर उभं. दोघातिघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा कुठं म्हातारा सुटला, आणि एक चप्पल आतच राहिली. हसू नये हे सगळ्यांना कळत होतं, तरी हसले मेले. कुणी शहाण्यानं मोबाइलवर ते टिपलं, आणि संध्याकाळच्या आत ते ब्यूनस आयर्सला पोचलंसुद्धा, त्याच्या मुलीकडे, दिग्नाकडे.

लगेच तिचा फोन.

"बाबा, हे काय चाललंय?"

"काही नाही गं. दार जरा अडतं."

"जरा? गाईचं वासरू ओढून काढतात तसं काढलं तुम्हाला! उद्या भर उन्हात रानातल्या रस्त्यावर अडकलात, तर तिथं कोण आहे ओढायला? मी पुढच्या रविवारी येतेय. गाडी विकून टाकायची. मामाच्या पोराला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय मी."

"तू येईपर्यंत दुरुस्त करतो ना."

"नाही झाली तर विकायची. शब्द द्या."

दिला बिचाऱ्यानं. मुलीपुढं त्याचं कधी काही चाललंय?

आता ही गाडी म्हणाल, तर जपानची जुनी. अशा गाड्यांचं स्टिअरिंग मुळात उजवीकडं असतं. बंदरात उतरवल्या की तिथले मिस्त्री ते उचकटून डावीकडं बसवतात, पेडल इकडं आणतात, आणि मग त्या आमच्याकडं येतात. अर्धा देश असल्याच गाड्यांतून फिरतो. पण बंदरातला मिस्त्री दारांच्या वायरींना कशाला हात लावतोय? चारही दारांची कुलपं एकदम उघडणारा मुख्य खटका उजव्या दारात होता, तो उजव्या दारातच राहिला. म्हणजे गाडी चालवणार सेलेदोनियो, आणि दारं उघडणार शेजारी बसलेली त्याची बायको, एर्मेलिंदा.

दोघांचा चीजचा धंदा. रोज तांबड्या धुळीच्या रस्त्यानं वाडी-वाडीवर जायचं, शेतकऱ्यांच्या घरून ताज्या चीजचे गोळे उचलायचे, बाजारात आणायचे. एर्मेलिंदाच्या मांडीत थंड पाण्याचा थर्मास, हातात शिंगाचा पेला, पेल्यात येर्बाचा पाला आणि त्यात खोचलेली नळी. या थंड काढ्याचा, तेरेरेचा, एक पेला त्याला, एक स्वतःला, पुन्हा त्याला. पाल्यातली चव गेली की ती पेला खिडकीच्या कडेवर आपटायची, ठोक ठोक, आणि पाला बाहेर. बाहेर कसला? अर्धा बाहेर, अर्धा काचेच्या रबराच्या फटीतून दाराच्या पोटात.

"अगं बाई, दारात जातोय पाला!"

"जाऊ दे. दाराला पण तहान लागते."

हे रोजचं. आणि वाडी आली की गाडी बंद करून तो हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून गप्प बसायचा. त्याच्या बाजूला त्याचा वेगळा खटका होता, नव्हता असं नाही. पण तो बसायचा. मग ती आपला खटका ओढायची. ठक! चारही दारं एकदम.

"सोडलं तुला, म्हाताऱ्या. उतर."

"उपकार झाले, जेलरबाई."

प्रेमाचं याहून वेगळं बोलणं त्या दोघांत कुणी ऐकलं नाही.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि एर्मेलिंदा गेली. तेव्हापासून त्या सीटवर थर्मास बसतो. वळणावर घरंगळू नये म्हणून सेलेदोनियोनं त्याला पट्टा बांधला. वाडीवर पोचला की एक पेला भरायचा, प्यायचा, आणि पुन्हा स्वतःच भरायचा. तेरेरे एकट्यानं पिणं फार वाईट. पेला रिकामा झाला की हात आपोआप शेजारी जातो, आणि तिथं घ्यायला कुणी नसतं.

उजव्या दाराला त्यानं हातच लावला नाही. त्याचा खटका तसाच पडून पडून अर्ध्यावर अडकला. आता गंमत अशी, की मुख्य खटका अर्ध्यावर राहिला की गाडीला वाटतं कुलूप लावायचंय. सेलेदोनियो आपल्या बाजूचा वर ओढायचा, आतली मोटर घुर्र करून तो पुन्हा खाली दाबायची. ओढ, दाब, ओढ, दाब. म्हणून तर खिडकीची पाळी आली.

सोमवारी तो रुपेर्तोकडे गेला. रुपेर्तो गाडीच्या वायरिंगची कामं करतो, हात बरा आहे, तोंड मात्र बरं नाही. त्यानं याआधी डाव्या दारातली मोटर बदलली होती. ड्रायव्हरचं दार ते मुख्य, अशी त्याची खात्री. या खेपेला त्यानं वायरी तपासल्या आणि कपाळावर हात मारला.

"डॉन सेले, मुख्य त्या बाजूला आहे! सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. मिस्त्री तू."

"बरं, जाऊ द्या. ती वायर तोडतो, मुख्य तुमच्या दारात घेतो. बसल्या बसल्या होईल."

"तोडू नको. ते दार नीट कर."

"त्या दाराचं काय करायचंय तुम्हाला? तिथं बसतं कोण?"

रुपेर्तोच्या मनात काही नव्हतं, तो आपला कामाचं बोलला.  पण सेलेदोनियोनं किल्ली उचलली आणि गाडी घेऊन घरी आला. मागून रुपेर्तो ओरडत होता, "अहो, रागावलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी संत्र्याच्या झाडाखाली लावली. बॅटरीची वायर काढली, म्हणजे मोटर मध्येच घुर्र करायला नको. आणि पलीकडचं दार बाहेरून उघडेना, म्हणून आतून सरकत सरकत जाऊन तो उजव्या सीटवर बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सीट एका बाजूला दबलेली होती, तिच्या बसण्यानं. थर्मास मांडीत घेऊन तो नुसता बसून राहिला.

कुंपणापलीकडून शेजारीण न्या सिन्फोनं पाहिलं. आमच्याकडं बाप्याला मानानं डॉन म्हणतात, बाईला न्या. "डॉन सेले, ड्रायव्हर पळाला वाटतं तुमचा?"

"पळाला की. तुम्ही येता का चालवायला?"

"खिडकीतून उतरवणार असाल तर नको बाई!"

ती हसत आत गेली, आणि अंगण फारच शांत झालं.

त्यानं दाराच्या आतल्या कव्हरचे स्क्रू काढले, कडेचे चाप सुरीनं उचकटले, मागचा प्लास्टिकचा कागद सोलला आणि टॉर्चचा उजेड आत पाडला. कुलपाला जाणारी सळई दिसेना. तिच्याभोवती काहीतरी तपकिरी, वाळून खडा झालेलं, थरावर थर बसलेलं. धूळ म्हणावी तर धूळ नव्हे. त्यानं नखानं थोडं खरवडलं, बोटाला थुंकी लावून चोळलं, नाकाशी नेलं.

पुदिना.

येर्बात पुदिना कुस्करून टाकायची एर्मेलिंदाची सवय. आयुष्यभराचा पाला त्या दाराच्या पोटात साठला होता. ती होती तोवर खटका रोज ओढला जायचा, पाला दबत राहायचा. ती गेली, खटका थांबला, आणि पाला सळईला धरून बसला.

"अगं बाई," सेलेदोनियो दाराला म्हणाला, "प्यायलं की गं दार."

आणि मग तो रडला. मयतीला पाहुण्यांना कॉफी देता देता रडायचं राहून गेलं होतं, ते इथं, दाराच्या भगदाडात हात घालून रडला. घरातले तिचे कपडे दिग्नानं वाटून टाकले होते. चादरीचा वास कधीच गेला होता. तिच्या हातचं असं जगात एवढंच उरलं होतं, आणि नेमकं तेच काढून टाकायचं होतं. नाही काढलं तर गाडी जाणार. गाडी गेली तर हे सगळंच जाणार.

त्यानं चमचा आणला. खरवडून खरवडून पाला काढला, बादलीत घेतला. दात घासायचा जुना ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून सळई घासली, कुलूप घासलं, सांध्यांना ग्रीस लावलं, खटका वर-खाली करत राहिला. आधी करकरला, मग सैल झाला. बादली घेऊन तो घुटमळला. डब्यात भरून ठेवावं असं एकदा मनात आलं. पण पाला काय जपून ठेवायचा? घरातला चोथा ती संत्र्याच्या बुंध्याशी टाकायची, तिथंच त्यानं तो ओतला.

बॅटरी जोडली, पुन्हा उजव्या सीटवर बसला आणि खटका ओढला.

ठक! चारही दारं.

तो वाट पाहत राहिला. कोण बोलणार? 

रविवारी दिग्ना आली. बसथांब्यावरून घरी येताना तिला बसायचं म्हणून थर्मास उचलावा लागला, आणि हातात आलाच आहे म्हणून तिनं पेला भरायला घेतला. त्या सीटवर बसलेल्यानं दुसरं काय करायचं? घर आलं. सेलेदोनियोनं गाडी बंद केली आणि हात चाकावर ठेवून बसला.

"काय झालं? अडकलं ना पुन्हा?"

"तुझ्या बाजूचा ओढ."

तिनं ओढला. ठक. दिग्ना खटक्यावरचा हात काढेचना.

"आई असंच करायची," ती म्हणाली.

"हो."

दुपारी मामेभावाचा फोन आला तेव्हा तिनं बाहेर जाऊन सांगितलं, "नाही विकायची. गिऱ्हाइकाला नको म्हणून सांग." बापापाशी विषयच काढला नाही. पोरगी समजूतदार. पण दोन दिवसांत बॅग भरलीच तिनं.

"राहा की अजून थोडं," तो म्हणाला.

"बाबा, मी कामाला आहे त्या घरच्या म्हातारीला मीच उठवते, मीच बसवते. मी नसले तर कोण बघेल तिला?"

"खरंय," सेलेदोनियो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तिला सोडायला जाताना रस्ताभर ती पेले भरत होती. एक त्याला, एक स्वतःला. थांबा जवळ आला, पाल्याची चव गेली, आणि तिनं सहज पेला खिडकीच्या कडेवर आपटला. ठोक ठोक. सेलेदोनियोनं तोंड उघडलं, "अगं बाई" जिभेवर आलं, आणि त्यानं ते गिळलं.

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला आणि मग एकटा घरी आला. गाडी बंद केली. हात चाकावर ठेवून सवयीनं बसला. ऊन काचेतून आत येत होतं. शेवटी आपला पट्टा सोडून तो थर्मासवरून पलीकडं वाकला आणि उजवा खटका ओढला. ठक.

"उपकार झाले," तो रिकाम्या सीटला म्हणाला.

काचेच्या रबराला ओला हिरवा पाला चिकटलेला होता, थोडा फटीत उतरलेला. राहिला तर पुन्हा कधीतरी सळई धरणार, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. ब्रश समोरच्याच कप्प्यात होता. त्यानं कप्पा उघडला, ब्रशाकडे पाहिलं आणि कप्पा लावून टाकला. पेल्यात तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते त्यानं हळूच त्या फटीत ओतलं.

"पी," तो म्हणाला. "पी बाई."