भिकूमामांचा चौथा स्क्रू

भिकूमामा गेल्याचा निरोप पूर्णगडहून आला तेव्हा मी मांडवीच्या दवाखान्यात एकाची दाढ काढत होतो. दाढ काढली, हात धुतले... आणि पहिल्यांदा आठवला तो स्क्रू, माणूस नंतर. याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. उभा जन्म मालवाहू बोटींवर काढून परतले, ते खालचा जबडा बोडका घेऊन. कवळी टिकेना; ताटात सुरमई आली की कवळी खिशात. त्याच सुमारास एका मित्राने परदेशातून मला टायटॅनियमचे स्क्रू आणून दिले होते. रत्नागिरीत असलं काही कुणी केलं नव्हतं आणि मला, खोटं कशाला बोलू, पहिला व्हायचं होतं. दोन जाड स्क्रू हाडात बसवून वर हिरडी शिवायची; नव्या कलमासारखे ते चार-पाच महिने हलू द्यायचे नाहीत, म्हणजे हाड त्यांच्याभोवती भरून येतं. तोवर खाण्यापुरते चार बारीक स्क्रू, त्यांवर तात्पुरते दात. रोज चावण्याचे धक्के बसणाऱ्या या बारक्यांना हाड धरणार नाही, काम झालं की ते बोटाने फिरवून निघतील, असं मी समजून होतो.

झालं उलटंच. घाईत माझा ड्रिल तापला होता, आणि भाजलेलं हाड काही धरत नाही. दोन्ही जाड स्क्रू सैल होऊन निघाले. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "सगळा काढून टाक. दात नशिबात नाय तर नाय, पन जाताना अंगात लोखंड नको हां." लोखंड नव्हे ते, पण मी वाद घातला नाही. तीन बारके सहज निघाले. चौथा हलेना. मी जोर लावला तशी मामांची मान वळली, स्क्रू नाही. "हाडानं धरलान त्याला," मामा हसत म्हणाले. तिथे जबडा पातळ होता. मोडला असता तर? मी म्हटलं, पुढच्या खेपेस काढू.

पुढे ते दोनदा आले, एवढ्या लांबून, यष्टीने. दोन्ही वेळा मी सांगितलं, "थोडं थांबू मामा, सैल होईल." तो सैल होणार नव्हता. हाड दिवसेंदिवस घट्टच धरतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी भ्यालो होतो, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवून परत जात होते.

तेरावं झाल्यावर त्यांचा वसंता दवाखान्यात आला. खिशातून कागदाची पुडी काढून त्याने टेबलावर ठेवली. "दादा, अस्थी खाडीत सोडल्या. राखेत ह्यो गावला. आये म्हणाली, तात्पुरताच होता ना, दादाचा दादाला देऊन ये."

पुडी माझ्या खणात आहे. स्क्रूच्या आट्यांत काहीतरी पांढरं अजून घट्ट बसलेलं आहे... ते मला धुववत नाही.