आईच्या खेळातला खंदक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आई होती तोवर जीभ रेटली नाही, आणि आता तर तिला जाऊनही बरीच वर्षं झाली — मग आज का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी व्हिडिओ गेमच्या लेव्हल्स आखतो. नोएडात शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या, त्या वर्षांत ही नोकरी लागली. मुलगा नक्की करतो काय, हे मिरजेत सांगताना आईची पंचाईत व्हायची. धंद्याचं मर्म एवढंच — खेळणाऱ्याला पुढचं दार दिसलं पाहिजे, पण तो तिथे कधी पोचणार हे आपण ठरवायचं. फार अडवलं तर तो उठून जातो. फार सोडलं तर खेळ संपतो. मी यात हुशार होतो.

घर दिल्लीत मयूर विहारला, बायको गुडगावला नोकरीला, मुलगी चार वर्षांची. आई सहा महिन्यांसाठी म्हणून आली. दुपारी नात झोपली की तिला घर खायला उठायचं, म्हणून ऑफिसात मी करत असलेल्या एका खेळाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर टाकून दिली. एक शिपाई किल्ला चढतो, वाटेत बारा दरवाजे, बस. सहा महिने भरल्यावर ती म्हणाली, आता मला सुमनकडे जाऊ दे. सुमनमावशी तिची धाकटी बहीण, मिरजेत आजारी होती. मी हसत म्हणालो, "आधी किल्ला सर कर, मग तिकीट."

थट्टाच होती हो. पण आईने तो नेम धरला! जिने सोळा सोमवार एकही न चुकवता केले, तिला थट्टेतला नेम आणि खरा नेम वेगळा कसा असणार? आंघोळ, देवपूजा, नातीला नाश्ता — आणि मग किल्ला. उद्यापनाला पुरणपोळ्या करून माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना जेवू घालणार होती. नात शेजारी उड्या मारायची, "आजी, जंप करो ना!"

दीड महिन्यात ती नवव्या दरवाजाशी पोचली, आणि मी उरलेले दरवाजे मोजू लागलो. ती गेली तर मुलीकडे कोण बघणार? बायकोची नोकरी नवी, माझा गेम बाजारात यायचा होता. कारणं होती. कारणं कोणाकडे नसतात?

एका रविवारी मी तिच्या मागे उभा राहून नुसतं पाहिलं. तिचं सांधे धरलेलं बोट बटणावर किती उशिरा पडतं, ते पाहिलं. आणि नवव्या दरवाजापुढचा खंदक तेवढाच रुंद केला — अगदी तेवढाच. ती फार कंटाळली की थोडा अरुंद करायचो. शिपाई काठाला लोंबकळायचा, तिला वाटायचं, आता जमतंय. मग पुन्हा वाढवायचो. आईवर मी माझी सगळी विद्या वापरली.

मावसभावाचा ऑफिसात फोन आला. डॉक्टरांनी आशा सोडली आहे, मावशी रोज आईची वाट बघते, आईला लवकर पाठव. "बघतो," म्हणालो. घरी आल्यावर आईला काय सांगितलं? काही नाही. दोन आठवडे काही नाही. त्यात एकदा तिने स्वतःहून विचारलं, "तसाच सोडून जाऊ का रे? सुमनचा आवाज काल फोनवर बरा नव्हता." तेव्हा तरी हो म्हणायचं! मी म्हणालो, "आई, नेम अर्धवट सोडू नये, असं तूच म्हणतेस ना? आता थोडंच राहिलंय." ती मान हलवून पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली. ती पाठमोरी बसलेली मला अजून दिसते.

मावशी गेली. निजामुद्दीनहून थेट गाडी होती, सव्वा दिवसाचा प्रवास — आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मावशीने शेवटचे दोन दिवस आईचंच नाव घेतलं, असं कोणीतरी सांगितलं.

तेराव्याला बायका विचारत होत्या, ताई, इतका उशीर कसा केलात? आई प्रत्येकीला तेच सांगत होती — मुलाची काही चूक नाही, तो कधीचा तिकीट काढायला तयार होता, माझेच हात मंद. मग माझ्याकडे वळून, अगदी माफी मागितल्यासारखी म्हणाली, "दहा-बारा दिवस आधी उडी जमली असती, तर भेट झाली असती रे."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "असू दे आई. अवघडच होता तो खंदक."