बाबांच्या मापाचा काळा कोट

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला महागावचं ते घर आठवतं. साठ-बासष्टची गोष्ट. नागपूरला वकिली शिकून मी फौजी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घेत होतो, पुढे लष्करी कोर्टात वकील होणार होतो. सुटीवर आलो, तर बाबांनी कापूस विकून माझ्यासाठी काळा कोट शिवून ठेवलेला. मी घरी नव्हतो, म्हणून शिंप्याला माप स्वतःचं दिलेलं. कवायतीने रुंदावलेले माझे खांदे त्यात शिरेनात. "बाबा, आमच्यात वकील वर्दीतच उभा राह्यते," मी म्हणालो. ते कोटावरून हात फिरवत राहिले. "राहू दे. फौज सुटली की घालजो. मले पाहाचं हाय." पुढच्या सुटीत बाबा नव्हते. फौज सुटूनही आता वर्षं झाली. काल तो कोट अंगात घातला. खांदे बाबांएवढेच उरलेत.