आक्षेपाचे दोन रुपये

फेब्रुवारी १९९५, विधानसभेच्या मतदानाचा दिवस, सकाळचे अकरा. रक्कम रुपये दोन. हजर: केंद्राध्यक्ष म्हणून मी, हाताखालचे तीन मतदान अधिकारी, दोन उमेदवारांचे दोन प्रतिनिधी, दारात एक हवालदार आणि टेबलासमोर उभी असलेली एक बाई.

जिल्ह्याच्या पूर्वेकडचं कोरडवाहू गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जातं, ते उन्हाळ्यातच परततं. ही बाई तिकडूनच आली होती, नवऱ्याला फडात ठेवून, दोन एसट्या बदलून. फोटोची ओळखपत्रं त्या गावात अजून पोहोचली नव्हती. पहिल्या अधिकाऱ्याने तिचं नाव मोठ्याने वाचलं, तसा एक प्रतिनिधी उठला.

"ही ती न्हाई. ती उसाला गेलीय. ही तिची जाऊ असंल."

त्याने दोन रुपयांची नोट माझ्यापुढे ठेवली. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर आधी एवढे पैसे भरावे लागतात. आक्षेप खोडसाळ ठरला तर ते सरकारजमा होतात, नाहीतर परत मिळतात.

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "भाऊजी, तुमच्या लग्नात दोन दिस पोळ्या लाटल्या म्या. तवा बरं वळखत हुता!"

हवालदार हसला. प्रतिनिधीने खिडकीबाहेर पाहिलं.

नियमाप्रमाणे मी तिला बजावलं, "खोट्या ठरलात तर तुरुंग आहे, बाई."

"घाला. तितं हातात कोयता तरी न्हाई," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "मागल्या बारीला आले तर माझं मत आदीच कुनीतरी टाकलं हुतं. तशीच माघारी गेले. आज तसं करू नका, साहेब."

मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत नोकरीला होतो. प्रतिनिधी आमच्या सभापतींचा पुतण्या. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका तुमचे सभापती हायेत. ध्यानात हाय ना?"

"उद्या आहेत," मी म्हणालो. "आज मी निवडणूक आयोगाकडे आहे."

यात धाडस काही नव्हतं. ज्यांना सत्ता हवी त्यांच्याच हाती मतपेटी नको, म्हणून राज्यघटनेने निवडणुका घेण्याचं काम सरकारकडे न ठेवता वेगळ्या आयोगाकडे दिलं. पण आयोगाकडे गावोगाव बसवायला स्वतःची माणसं नाहीत. तो आमच्यासारख्यांना कचेऱ्यांतून दोन दिवसांसाठी उसनं घेतो. म्हणजे घटनेने वेगळे ठेवलेले दोन अधिकार माझ्या एकाच पगारपत्रकात होते. ही अडचण मला त्या टेबलावर बसेपर्यंत कळली नव्हती.

ही बाई ती नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्याची. मी पुरावा मागितला. त्याने आपली मतदार यादी माझ्याकडे सरकवली. तिच्या नावापुढे लाल पेन्सिलीची खूण होती आणि शेजारी 'उसाला' असं लिहिलेलं. तशा खुणा पानोपानी होत्या. सवयीने मी त्या मोजल्या. एक्केचाळीस भरल्या.

मग आमची यादी घेतली. मतपत्रिका दिली की आम्ही नावाखाली रेघ मारतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिलं. त्याच्या लाल खुणांच्या एक्केचाळीसांपैकी सात नावांखाली आमची रेघ होती. दोनदा ताडून पाहिलं, सातच.

"हे सात जण उसाला गेलेत ना?" मी विचारलं. "मग सकाळपासून येऊन मत कोणी टाकलं? तेव्हा तुम्ही इथेच होता. दोन रुपये काढले नाहीत."

"लक्ष नसंल," तो म्हणाला.

दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधीही तिथेच बसून होता. त्या सातांवर त्यानेही आक्षेप घेतला नव्हता. त्याच्याकडेही अशीच यादी असावी, असा माझा समज आहे.

आक्षेप खोडसाळ ठरवून मी बाईला मतपत्रिका द्यायला अधिकाऱ्याला सांगितलं. तिने आक्षेपित मतांच्या यादीवर अंगठा दिला, बोटाला शाई लावून घेतली, पडद्याआड गेली आणि मतपत्रिकेची घडी पेटीत नीट आत पडली की नाही ते वाकून पाहिलं. जाताना प्रतिनिधीला म्हणाली, "येते भाऊजी. जावेला सांगते, तुमी लई आठवन काढली."

त्या सात मतांचं मला काहीच करता आलं नाही. पेटीत पडलेलं मत कोणाचं ते ओळखता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ती सातही मतं आमच्याच टेबलावरून गेली होती. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत मी आकड्यासह तसं लिहिलं. त्याचं पुढे काय झालं, मला कोणी कळवलं नाही. पुढच्या महिन्यात सभापतींनी माझ्या एका बिलावर तीन शंका काढल्या. त्यातल्या दोन रास्त होत्या.

प्रतिनिधीने दुपारी नोट परत मागितली. "ऱ्हाऊ द्या ओ, दोन रुपयं तर हायेत."

"म्हणूनच सरकारला देतो," मी म्हणालो.

संध्याकाळी तालुक्याला साहित्य जमा करताना ती नोट आक्षेपित मतांच्या यादीबरोबर दिली. तिथल्या कारकुनाने असली रक्कम पूर्वी घेतली नव्हती. त्याने साहेबांना विचारून पावती फाडली: रुपये दोन फक्त, शासनास जमा.