चंद्राबाईचा हाटस्पाट

चंद्राबाईला फोन लागणं आमच्या गावात भाग्याचं समजतात, कारण तो नेहमी दुसऱ्या कोणाला तरी लागलेला असतो. कशेळ्याच्या बाजारात ती भाजी विकते. पण जीप किती वाजता सुटणार, कोणाची शेळी विकायची आहे, कोणाच्या पोराला मुलगी बघायची आहे, सगळं तिलाच विचारायचं. ती "जयभीम, बोला!" म्हणते आणि नंतर आपल्याला बोलू देत नाही.

तिच्या भावाची मुलगी अपेक्षा लहानपणापासून तिच्याकडेच वाढली. तीन ठिकाणी नोकरीला नकार आल्यावर ती पोरगी घरात बोलेनाशी झाली. चंद्राबाईला हे सहन होईना. मग ठाण्याच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, पण कॉम्प्युटरवरूनच द्यायची अशी अट घालून.

लॅपटॉप मैत्रिणीचा मिळाला. नेट कुठून आणणार? आमच्याकडे नेट पकडतो तो एकट्या चंद्राबाईचा फोन, तोही तिच्या खिडकीत ठेवला तरच. तेव्हा फोन गजाला दोरीने बांधायचा आणि त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं ठरलं. चंद्राबाई याला हाटस्पाट म्हणते. खोड एकच होती. फोनची रिंग वाजली की नेट गेलंच.

आदल्या दिवशी ती घरोघर फिरली. "उद्या अकरा ते बारा मला कोनी फोन करायचा नाय. पोरीची मुलाखत हाय." जीपच्या नाक्यावर सांगितलं, बाजारात सांगितलं. ज्यांच्याकडे तिचा नंबर नव्हता त्यांना नंबर देऊन सांगितलं.

अकराला मुलाखत सुरू झाली आणि पाच मिनिटांत रिंग वाजली. शेजारची अंबाबाई होती. "मी फोन करत नाय गं, येवडंच सांगायला केला." नेट गेलं. ते परत येतंय तोवर जीपवाल्या रुपेशचा फोन: "झाली का मुलाखत?" तिसरा फोन माझा होता. मी तो का केला हे मला आजही धड सांगता येत नाही. नेट नीट चाललंय ना, एवढंच बघायचं होतं.

लॅपटॉपवर मुलाखत घेणारे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले होते. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, गेली गं ही पन."

चंद्राबाईच्या काळजाला लागलं. आपल्याच फोनने पोरीचा घात केला! तेवढ्यात चौथी रिंग वाजली. या वेळी तिने जयभीमसुद्धा घातला नाही.

"किती येळा सांगायचं रं? नेट जातंय! माज्या पोरीची नोकरी गेली तर तुज्या दारात येऊन बसंन!"

पलीकडून आवाज आला, "मॅडम, मुलाखत मीच घेतोय. तुमचं बंद पडलं म्हणून अर्जावरच्या नंबरला फोन केला."

दुसरी कोणी असती तर गयावया केली असती. चंद्राबाई म्हणाली, "मंग तुमी तरी कशाला केला? तुमच्यामुळं पन नेट जातंय ना! ठेवा आदी!"

साहेबांनी ठेवला.

मग ती अंगणात आली आणि गर्जली, "आता ज्याचा फोन येल, त्याला मी वांगं इकनार नाय!" तिच्या आवाजाला रेंज लागत नाही. बारा वाजेपर्यंत गावात कोणी फोनला हात लावला नाही.

नेट आल्यावर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "त्या कोण होत्या?"

"माझी आत्या," अपेक्षा घाबरत म्हणाली. "नेट तिच्याच फोनचं आहे."

साहेब हसत सुटले. मग पोरगीही हसली आणि कित्येक दिवसांनी मोकळी बोलली. नोकरी लागली.

आता अपेक्षा ठाण्याला राहते, शनिवारी घरी येते. त्या दिवशी दुपारपासून चंद्राबाई हाटस्पाट लावून खिडकीत बसते. अपेक्षा घराच्या वळणावर आली की तिचा फोन आपोआप जोडला जातो आणि हाटस्पाटला किती जण जोडलेत ते दाखवणारा एकाचा आकडा चंद्राबाईच्या फोनवर उमटतो. तेवढाच तिला वाचता येतो. तो दिसला की ती तवा चुलीवर ठेवते.

परवा शनिवारी मी विसरून तिला फोन केला.

"ठेव रं," ती म्हणाली, "माजी पोरगी अजून लागली नाय."