अकरा नंबरच्या पाठीवरचं नाव

माझ्या घरी शिलाई मशीन आहे हे साहेबांना कळलं आणि तिथून ही भानगड सुरू झाली.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आखातात, हिद्दला जहाजांचा जुना रंग खरवडून नवा लावणारी एक कंत्राटदार कंपनी होती, तिथे मी टायपिस्ट होते. आमचे मॅनेजर इंग्लंडच्या उत्तरेकडचे. तोंड तांबडं, मान त्याहून तांबडी, आणि आवाज असा की टेलिफोन नसता तरी त्यांचं भागलं असतं. ऑफिसात त्यांचं मन फारसं रमत नसे. सारा जीव शुक्रवारच्या रग्बीत. रग्बीचे दोन प्रकार असतात हे मला त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. एक पंधराजणांचा. तो म्हणे कॉलेजात शिकलेल्या बड्या घरच्या पोरांचा. दुसरा तेराजणांचा, रग्बी लीग. हा खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांचा. "आमचा खेळ कामगारांचा," असं छाती पुढे काढून सांगायचे. वडील खाणीत होते हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की खाण यांनीच खणली असावी असं वाटे. आणि याच कामगारपुत्राच्या यार्डात आपल्याकडची माणसं छातीवर नुसता नंबर लावून उन्हात खरवडत उभी असायची. साहेबांना त्यांच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. "त्या एकशे चाळीसला बोलाव," म्हणायचे. मी नाव घेऊन हाक मारली की विचारायचे, "हा कोण?"

तर त्यांनी तेराजणांची टीम काढली. सगळे त्यांच्याच देशातले फोरमन, वेल्डर, इन्स्पेक्टर. या खेळात नंबर जागेचा असतो. एक नंबरवाला सगळ्यांच्या मागे, दोन आणि पाच दोन्ही कडांना, सहा-सात डोकं चालवणारे, आणि आठपासून तेरापर्यंत नुसत्या धडका देणारे. जो ज्या जागी खेळेल त्याने त्या जागेची जर्सी चढवायची. आज आठ घालणारा उद्या दहा घालेल. यात नावाला जागाच नाही, आणि त्या काळी त्यांच्या देशातसुद्धा जर्सीवर नाव नसे. पण साहेबांनी कुठल्या तरी अमेरिकन खेळाची व्हिडिओ कॅसेट पाहिली आणि त्यांच्या डोक्यात पाठीवरची नावं शिरली.

एका बुधवारी माझ्या टेबलावर मरून जर्स्यांचा ढीग आणि पांढऱ्या जाड कापडाची गुंडाळी आली.

"तुझ्याकडे मशीन आहे ना?" साहेब म्हणाले. "नंबरच्या वर नावं हवीत. माझं जरा मोठ्या अक्षरांत."

त्यांचा नंबर सहा. कप्तानही तेच, निवड करणारेही तेच.

नईममधल्या आमच्या दोन खोल्यांत मी ती अक्षरं शिवली. कापून दिली माझ्या नवऱ्याने. तो तुबलीला एका गॅरेजात मेकॅनिक होता. साहेबांची गाडी आणि टीमची मिनीबस त्याच्याच हाताखालून जायची, आणि शुक्रवारी मिनीबस चालवायलाही हाच. फुकट. "खेळ बघायला मिळतो ना," म्हणायचा. माणूस असा की कुणी पाठीवर थाप मारली की त्याच्या घरी राबायला तयार. मला या स्वभावाची मनस्वी चीड होती, अजूनही आहे. शिवणकामाबद्दल साहेबांनी मला चॉकलेटचा डबा दिला. गाडीत उन्हात ठेवलेला. आतली चॉकलेटं वितळून एकमेकांना चिकटलेली.

पुढच्याच महिन्यात दुबईहून एक टीम खेळायला येणार होती. आदल्या दिवशी साहेबांच्या लक्षात आलं की त्यांचा अकरा नंबर, आमच्या पेंट शॉपचा फोरमन, सुट्टीवर इंग्लंडला गेलाय. त्यांनीच सही केलेली सुट्टी. राखीव खेळाडूंपैकी एकाला ताप, दुसऱ्याची शिफ्ट. शुक्रवारी सकाळी मैदानावर बाराच माणसं.

मैदान म्हणजे दाबून टणक केलेली वाळू. कडेला ताडपत्रीची सावली. त्या सावलीत मडमा बसायच्या, आणि थोडं पलीकडे उन्हात आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि आमचे स्टोअरकीपर भाई. ते राजापूरचे. बर्फाचा डबा आणला म्हणून थांबले होते. साहेब कमरेवर हात ठेवून इकडे तिकडे बघत होते. त्यांची नजर मिनीबसला टेकून उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यावर गेली.

"तू कधी काही खेळलायस का?"

"कबड्डी, सर."

"ते काय असतं?"

नवऱ्याने हातवारे करून सांगितलं. साहेबांना त्यातलं 'पकडतात' एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं. अकरा नंबरची जर्सी त्याच्या डोक्यातून घातली. पाठीवर फोरमनचं आडनाव, मीच शिवलेलं.

आता सांगायला हवं. लग्नाआधी माझा नवरा चिपळूणजवळच्या त्याच्या गावच्या संघात कोपऱ्याला उभा राहायचा. पट काढण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नव्हता. चेंडू कसा द्यायचा, कुठे टाकायचा, यातलं त्याला त्या दिवशी ओ की ठो कळलं नाही. चेंडू हातात आला की तो जळता निखारा असल्यासारखा शेजारच्याकडे टाकायचा. पण समोरून माणूस धावत आला की खाली वाकायचा आणि क्षणात तो माणूस आडवा. दुबईवाल्यांकडे दाढीवाला एक अजस्र गडी होता. त्याने साहेबांना दोनदा असं तुडवलं की तिसऱ्यांदा तो दिसताच साहेब बाजूला सरकले. अगदी शेवटी, आमची टीम जेमतेम पुढे असताना, तोच दाढीवाला मोकळा सुटला. समोर उरला एकटा माझा नवरा.

भाई उठून उभे राहिले. "पाय धर! पाय धर त्याचा! सोडू नको!" मीही ओरडले असणार, कारण सावलीतल्या मडमा वळून बघायला लागल्या.

नवऱ्याने घोटा धरला. दाढीवाल्याने त्याला वाळूतून फरफटत नेलं, पण घोटा काही सुटला नाही. जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात ती रेघ हातभर लांब असताना दाढीवाला ओंडक्यासारखा कोसळला. शिट्टी झाली. टीम जिंकली. साहेबांनी माझ्या नवऱ्याला उचलून घेतलं. कुणी तरी फोटो काढला. कोपरापासून मनगटापर्यंत सोललेले हात घेऊन तो पुन्हा मिनीबस चालवायला बसला, आणि घरी येईपर्यंत हसत होता.

रविवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचं एक छापील पत्रक निघायचं, त्यासाठी सामन्याचा वृत्तांत सांगायला लागले. मी शॉर्टहँडमध्ये घेत होते. शेवटची पकड आली आणि त्यांनी फोरमनचं नाव घेतलं.

मी पेन्सिल थांबवली. "सर, ते तर इंग्लंडला आहेत."

"शर्टवर नाव त्याचंच होतं."

"पण आत माझा नवरा होता."

ते खुर्चीत मागे रेलले. लहान पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "हे बघ, क्लबचा सभासद नसलेला माणूस खेळवला हे छापलं तर दुबईवाले निकाल अमान्य करतील. आणि तुझ्या नवऱ्याला कुठे फरक पडतोय? त्याला तर मजा आली."

मी टायपिंगला बसले आणि जिथे फोरमनचं नाव यायचं तिथे माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. कागद परत आला तेव्हा त्यावर लाल रेघ होती. मी तो तसाच नेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

"हे मी टाइप करणार नाही, सर. बाकी काय असेल ते द्या."

मला वाटलं, नोकरी गेली. पण तशी धमक त्यांच्यात नव्हती. दार लावून घेऊन दोन बोटांनी स्वतःच टाइप करत बसले. पत्रकात फोटोही छापून आला. नेमका पाठमोरा. चेहरा दिसत नाही, नाव स्वच्छ वाचता येतंय.

घरी मी पत्रक नवऱ्यापुढे टाकलं. त्याने निरखून फोटो पाहिला.

"शिवण छान आलीय गं."

"अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"अगं, पाडला तर मीच ना? त्या दाढीवाल्याला ठाऊक आहे की."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. भाईंना सांगितलं तर ते मान हलवून म्हणाले, "वहिनी, विषय खलास समजा. नाव त्यांचं, दम आपला. इथे असंच चालायचं." मला तेही पटलं नाही. असंच चालायचं म्हणणाऱ्यांमुळेच असं चालतं.

पण खरी मजा पुढे आली. फोरमन सुट्टीवरून परतला. मला वाटलं, पत्रक बघून हा तरी हसेल, म्हणेल की मी तिथे नव्हतोच. गोरा, गोल चेहऱ्याचा, एरवी निरुपद्रवी माणूस. पहिल्या दिवशी लोकांनी अभिनंदन केलं तेव्हा तो नुसता हसला. दुसऱ्या दिवशी "थँक यू" म्हणायला लागला. आठवड्याभरात मी त्याला कॅन्टीनच्या दाराशी एका नव्या इन्स्पेक्टरला सांगताना ऐकलं, "तो आला तसा मी खाली गेलो. उंच माणसाला नेहमी खालून घ्यायचं."

नंतर तो साहेबांच्या सहीचे कागद ठेवायला माझ्या टेबलाशी आला. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही घरी होतात ना, आईकडे?"

त्याने डोळेसुद्धा मिचकावले नाहीत. "हो, पण माझीच जर्सी होती ना," म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसतच नव्हतं. लबाड माणसाची मला कीव तरी येते. हा लबाडही नव्हता. आपल्या वस्तूने कमावलं ते आपलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तेलाच्या विहिरींपासून जर्सीपर्यंत या लोकांचा हिशेब एकच.

थंडी सरता सरता दुबईची टीम पुन्हा आली. दाढीवाला आला तोच आमच्या लोकांच्या पाठी वाचत. अकरा नंबरवरचं नाव त्याने वाचलं, मग पुढे जाऊन चेहरा पाहिला आणि गोंधळला. आपल्याला लोळवणारा हा नव्हे, एवढं त्याला कळलं असावं. पण फोरमनने त्याच्याकडे बघून हात उंचावला, ओळख दाखवल्यासारखा. झालं. दाढीवाल्याने गोंधळ बाजूला ठेवला. पहिला चेंडू हातात येताच तो सरळ अकरा नंबरवर धावत गेला. बाजूला मोकळी जागा होती, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोरमन खरोखर खाली वाकला. इन्स्पेक्टरला सांगितलं होतं तसाच. स्वतःच्याच थापेवर त्याचा विश्वास बसला होता. गुडघा खांद्यावर बसला तो आवाज उन्हात बसलेल्या आम्हालाही ऐकू आला.

त्याला हॉस्पिटलात माझ्या नवऱ्यानेच नेलं, मिनीबसच्या मागच्या बाकावर आडवा घालून. मीही बरोबर होते, कारण सावलीतली एकही मडम उठली नाही. फोरमनची बायको इंग्लंडला. साहेब म्हणाले, "यल्ला, यल्ला, लवकर घेऊन जा," आणि पुन्हा मैदानात पळाले. वाटेत फोरमन रडत होता. नवरा आरशातून बघून हिंदी-इंग्रजीत धीर देत होता. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं, पण खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली नाही. हॉस्पिटलात नर्सने जर्सी कात्रीने उभी कापली. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

"सॉरी," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही.

"नो प्रॉब्लेम," नवरा म्हणाला. याचा प्रॉब्लेम कधी नसतोच.

त्यानंतर टीमचा नुसता विचका झाला. मोडलेल्या खांद्यामुळे जागा बदलाव्या लागल्या, आणि जागा बदलल्या की पाठीवरचं नाव एकाचं, आतला माणूस दुसराच. एक नंबरवर एक नवा, वेगाने पळणारा मुलगा घ्यावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्या जर्सीवर ज्याचं नाव होतं तो ती उतरवायला तयार नव्हता. नाव माझं आहे, म्हणायचा. साहेब स्वतः सहा सोडेनात. पळताना धाप लागायची, दुसरं कुणी चाललं नसतं का? पण मोठ्या अक्षरांचं काय करायचं? दोन वेळा हरले, मग आपापसात भांडले, मग काहीजण मैदानावर यायचेच बंद झाले.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी साहेब स्वतः आमच्या दारात. नईमच्या गल्लीत त्यांची गाडी मावत नव्हती, म्हणून चालत आलेले, घामाघूम. माझा नवरा लुंगीवर होता. लगबगीने खुर्ची पुसायला लागला. मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं.

"आज खेळशील?" साहेबांनी त्याला विचारलं. "अकरा नंबर. नवी जर्सी आहे, नाव नाही."

मला खात्री होती, हा निघणार. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सोललेल्या कोपरावर नवी कातडी केव्हाच आली होती, ती त्याने चोळली.

"नो सर," म्हणाला. "आज मटण आणायचंय."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा मटणाचंच सांगितलं, तितक्याच नम्रपणे. मग साहेब माझ्याकडे वळले आणि हातातली थैली पुढे केली. आत जुन्या जर्स्या होत्या. "ही नावं उसवून देशील का?"

"मशीन बिघडलंय, सर."

उसवायला मशीन लागत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मान डोलावून, थैली खांद्यावर टाकून गल्लीतून निघून गेले. नवऱ्याने पिशवी घेतली, चपला घातल्या.

"किती आणू?" त्याने विचारलं.

"किलोभर आणा," मी म्हटलं. "भाईंनाही जेवायला बोलवा."